प्रवाळांच्या दारी पाहुणे

नारळी पौर्णिमेस दर्याला श्रीफळ अर्पण झाले, की आपल्या किनाऱ्यावर होड्या पाण्यात लोटण्याची लगबग सुरू होते. अलीकडे तिच्या पाठोपाठ आणखी एका लगबगीस आरंभ होतो. दिवाळीची अथवा नाताळची सुटी कोठे घालवावी, याची खलबते घरोघर चालू होतात. एके काळी ही खलबते आजोळ, कुलदेवतेचे दर्शन आणि फार तर पंढरपूर-कोल्हापूर यांच्यापलीकडे जात नसत. आता त्यांत अंदमान येते, लक्षद्वीप येते, मालदीव येते. आणि ज्याची ऐपत तेथवर पोचत नाही तो मालवणच्या अथवा वास्कोसमोरच्या पाण्यात उतरण्याचा बेत करतो. हेतू एकच: निळ्या उथळ पाण्याखालील प्रवाळ आणि त्यांच्या आडोशाने वावरणारे रंगीबेरंगी मासे पाहणे. या हौसेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच विचार नाही. समुद्राकाठी जन्म काढून त्याच्या पोटात काय दडले आहे हे न पाहता गेलेल्या पिढ्यांचे आम्ही वारस आहोत. नातवंडांस ते पाहावेसे वाटत असेल, तर आजोबांनी नाक मुरडण्याचे कारण नाही.

तथापि हौस ही एक गोष्ट आणि बेत ही दुसरी. विमानाचे भाडे किती, हॉटेल कोणते, जेवणात मासळी मिळेल की नाही, याची चौकशी आपण बारकाईने करतो. ज्याच्या दारी जावयाचे तो यजमान कोण, त्याची प्रकृती कशी आहे, त्याला आपले येणे सोसेल काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. एखाद्याच्या घरी आजारपण चालू असताना न कळवता दहा माणसे घेऊन जेवायला जाणाऱ्या पाहुण्यास आपल्याकडे काय म्हणतात, ते सांगावयास नको. आज जगातील बहुतेक प्रवाळांच्या घरी आजारपण आहे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या असंख्य प्राण्यांची ती वसाहत असते. हे प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन आपल्याभोवती घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते शेवाळ उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि भाड्यापोटी त्यातील मोठा वाटा घरमालकास देते. प्रवाळांना रंग येतो तोही मुख्यतः या भाडेकरूंमुळे. पाण्याचे तापमान नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखादा अंश वाढून काही आठवडे तसेच राहिले, की हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि पाणी वेळेवर निवले नाही तर उपासमारीने मरतो. गोलाकार खडकासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाकाठी काही मिलिमीटर, फार तर एखाद-दुसरा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे डोक्याएवढा प्रवाळ हा पुष्कळदा त्याच्यावर पाय ठेवणाऱ्या पर्यटकाहून वयाने वडील असतो. सागरतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही. परंतु समुद्रातील सुमारे चतुर्थांश जातींना आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांचा आश्रय घ्यावा लागतो. आपल्या पानात पडणाऱ्या कित्येक माशांचे बालपण अशाच आडोशाला जाते, हे मत्स्याहारी कोकणाने आणि गोमंतकाने तरी विसरू नये.

आपल्याकडे पोवळे म्हटले की मंगळाची अंगठी आठवते. ते तांबडे पोवळे परंपरेने भूमध्य समुद्रातून येत आले. खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढणारी ती जात निराळी. बेटे बांधणाऱ्या प्रवाळांशी तिचे नाते दूरच्या भाऊबंदाचे आहे. हे सांगावयाचे कारण एवढेच, की किनाऱ्यावरच्या बाजारात 'अस्सल पोवळे' म्हणून समुद्रातला पांढरा तुकडा कोणी पुढे केला, तर तो ग्रहाला चालणार नाही आणि कायद्यालाही. २००१ सालापासून भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटासाठी तो तुकडा पिशवीत घालून आणणे हा गुन्हा आहे.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली. त्यांची तेथील छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मालदीवच्या काही मंत्र्यांनी त्यावर अनुदार उद्गार काढले आणि पाहता पाहता 'मालदीव नको, लक्षद्वीपला चला' अशी हाक देशभर उठली. परदेशी मंत्र्यांच्या उर्मटपणास उत्तर द्यावे, यात वावगे काही नव्हते. पण देशप्रेमाच्या त्या लाटेत एक साधा हिशेब वाहून गेला. लक्षद्वीपच्या छत्तीस बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे सारे लक्षद्वीप गोव्याच्या शंभराव्या हिश्श्यातही सहज मावेल. त्यातील दहा बेटांवर वस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या ६४,४७३ होती. नदी नाही, ओढा नाही. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगत असते, त्यावर विहिरी चालतात. उपसा वाढला की साय फाटते आणि विहीर खारी होते. कवरत्तीस २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारावा लागला, तो याच कारणाने. ज्या गोव्यात वर्षाकाठी एक कोटीच्या घरात पर्यटक येतात, त्या गोव्याच्या उन्हाळ्यातील टँकरच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक काही सांगणे नको.

लक्षद्वीपला जाण्यास परवाना लागतो, कोचीहून जहाजाने चौदा ते अठरा तास लागतात, अगत्तीच्या चिंचोळ्या धावपट्टीवर मोठी विमाने उतरत नाहीत, अशा तक्रारी आम्ही अनेक प्रवाशांकडून ऐकतो. त्यांस सरकारी दिरंगाईचा नमुना म्हणून नावे ठेवली जातात. आमचे मत उलट आहे. सरकारी कचेऱ्यांच्या सुस्तीचे गोडवे गाण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो. पण या एका ठिकाणी त्या सुस्तीने बेटे राखली आहेत. तेथील रहिवासी बहुसंख्येने मुसलमान असून बंगारामसारखा अपवाद वगळता मद्यबंदी ही तेथील जुनी चाल आहे. आपल्या गावच्या देवळात कोणी जोडे घालून शिरलेले आपणांस खपत नाही. मग परक्याच्या अंगणातील रीत पाळणे हे काही मोठे औदार्य नव्हे. ज्याला समुद्रकिनारी बाटलीच हवी आहे, त्याने तेवढ्यासाठी एवढा प्रवास करू नये. ती सोय त्याच्या घराजवळ पुष्कळ आहे.

त्या हाकेच्याच मोसमात पाण्याखाली काय चालले होते? ऑक्टोबर २०२३ पासून लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेची लाट होती. एप्रिल २०२४ मध्ये जगातील चौथी व्यापक प्रवाळ-श्वेतता शास्त्रज्ञांनी जाहीर केली आणि मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याचे सांगितले. हा पहिला घाव नव्हता. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांतही असेच घडले होते. म्हैसूरच्या नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या संशोधकांनी दोन तपांच्या निरीक्षणानंतर असे दाखविले आहे, की तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ च्या मानाने सुमारे निम्म्यावर आले आहे. ही बेटे प्रवाळांनीच घडविलेली आहेत आणि लाटांचा मारा अंगावर घेणारा तटही प्रवाळांचाच आहे. तट ढासळला तर बेट राहत नाही. बंगारामजवळचे पराली नावाचे एक चिमुकले निर्जन बेट लाटांनी गिळून टाकल्याचे २०१७ साली उघड झाले. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात तर माणसाने हे काम आपल्या हातांनी केले. चुन्यासाठी आणि बांधकामासाठी तेथील प्रवाळ वर्षानुवर्षे खणून काढले गेले आणि एकवीस बेटांपैकी दोन पाण्याखाली गेली.

यावर कोणी म्हणेल, की हवा तापली ती जगातील कारखान्यांमुळे. आमच्या चार दिवसांच्या सहलीने काय होणार? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण तापाने फणफणलेल्या माणसाच्या छातीवर बसून 'ताप काही मी आणलेला नाही' असे म्हणण्यासारखेच ते आहे. तापलेल्या पाण्यातून जे प्रवाळ वाचतात त्यांना सावरण्यास काही वर्षे निवांत मिळावी लागतात, आणि नेमकी ती निवांतता होडीचा नांगर, पर्यटकाचा पाय आणि हॉटेलचे सांडपाणी हिरावून घेतात. जगाच्या तापावर मालवणच्या ग्रामपंचायतीचे अथवा पणजीच्या सचिवालयाचे नियंत्रण नाही; नांगरावर मात्र आहे.

आता घरच्या अंगणाकडे वळू. प्रवाळ पाहण्यास अंदमानपर्यंत गेले पाहिजे असे नाही, हे कित्येक मराठी माणसांना ठाऊकच नसते. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या तटाभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. याच कारणाने १९८७ साली मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या परिसरातील सुमारे तीन चौरस किलोमीटर हे त्याचे गाभाक्षेत्र. मच्छीमारांनी या अधिसूचनेस कडाडून विरोध केला आणि तो अकारण होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी या पाण्यात जाळी टाकली त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली, तेव्हा आपली चूल विझणार ही भीती त्यांना वाटणे स्वाभाविक होते. परिणाम असा झाला, की अभयारण्य कागदावर राहिले, मच्छीमारांचा संशय मनात राहिला आणि प्रवाळ होते तेथे, कोणाच्याच भरवशावर नसलेले, उरले.

त्यानंतर चित्र पालटले. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला, वर्षभरात कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, घरोघरी न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या, तारकर्लीस पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था उभी राहिली. ज्या तरुणांना मुंबईच्या गिरणीची वाट पूर्वीच बंद झाली होती आणि ज्यांच्या बापाच्या जाळ्यात पर्ससीनच्या नौकांमुळे मासळी येईनाशी झाली होती, त्यांना या धंद्याने गावात राहू दिले. ही गोष्ट लहान नव्हे. पर्यटनाविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींनी मालवणच्या एखाद्या रापणकराच्या घरी बसून चार घास खावे आणि मग लिहावे.

परंतु याच धंद्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेण्यास आरंभ केला आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मालवणच्या अभयारण्यात हौशी पाणबुड्यांमुळे प्रवाळांची मोडतोड होत असल्याचे दाखवून दिले. त्याचे वर्णन वाचण्यासाठी शास्त्रीय नियतकालिक उघडण्याचीही गरज नाही. मोसमात कोणत्याही रविवारी किल्ल्याच्या पाठीमागे जाऊन पाहावे. ज्याला पोहता येत नाही असा माणूस पाठीवर हवेची टाकी बांधून पाच-सहा मीटर खाली नेला जातो. तेथे त्याला प्रवाळावर टेकवून अथवा धरावयास देऊन छायाचित्र काढले जाते. मासे भोवती जमावे म्हणून पाव-बिस्किटे टाकली जातात. पंधरा मिनिटांत पुढचा. शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ राखणे हे ज्या माशांचे काम, ते मासे बिस्किटावर पोसले गेले तर प्रवाळावर शेवाळ चढते, हा साधा कार्यकारणभाव त्या गर्दीत कोणाच्या ध्यानी येणार?

आणि हा प्रश्न केवळ प्रवाळांचा नाही, माणसांचाही आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका बुडून दोघांचे प्राण गेले. त्या दुःखद घटनेनंतर सरकारी यंत्रणेची धावपळ झाली, आदेश निघाले. पण आदेश निघणे आणि ते पाळले जाणे यांतील अंतर आपल्या किनाऱ्यावर नेहमीच मोठे असते. जी होडी नांगर कोठे टाकते हे कोणी पाहत नाही, त्या होडीत माणसे किती बसली हेही कोणी पाहत नाही. शिस्त ही वाटून देता येत नाही.

गोव्याची अवस्था याहून बरी नाही. वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ आहेत, हे गोवेकरांपेक्षा दिल्ली-बंगळूरच्या पाहुण्यांस अधिक माहीत आहे. कारण ते बेट 'डॉल्फिन, स्नॉर्केलिंग, जेवण आणि बिअर' अशा एकगठ्ठा दरात किनाऱ्याकिनाऱ्यावर विकले जाते. प्रवाळ हा त्या यादीतील एक पदार्थ. गढूळ पाण्यात, पावसाळ्यात जुवारी-मांडवीचा गाळ अंगावर घेऊन तग धरणारे हे चिवट प्रवाळ कोणत्याही देशाने अभिमानाने जपले असते. ज्यांच्या दारात १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था उभी आहे, त्या राज्याच्या पर्यटन खात्याने तिच्या शास्त्रज्ञांस बोलावून या बेटाभोवती दिवसाला किती होड्या परवडतील एवढे विचारणे, ही फार मोठी अपेक्षा ठरू नये.

येथे प्रवाशांच्या कल्पनेतील एक भ्रमही दूर केला पाहिजे. मालवण वा गोव्याचे प्रवाळ जाहिरातीतील मालदीवसारखे दिसत नाहीत. पाणी तेवढे निर्मळ नसते, प्रवाळ विखुरलेले असतात, रंग मातकट. चित्रपटातील देखावा मनात धरून गेलेला माणूस हिरमुसून परततो आणि खर्च वसूल व्हावा म्हणून आणखी दंगा करतो. उलट, पावसाळ्याचा गाळ बसून पाणी निवळल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, सकाळच्या उन्हात शांतपणे पाण्यावर तरंगत खाली पाहणाऱ्यास पुष्कळ काही दिसते. एप्रिल-मेची सुटी ही शाळांना सोयीची, प्रवाळांना मात्र ती वर्षातील सर्वांत कठीण वेळ असते.

मालवणची गर्दी हलवावी म्हणून मग दूरच्या जागा सुचविल्या जातात. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडीत पठाराचा प्रदेश आहे. सुमारे चाळीस किलोमीटर लांब, पंधरा किलोमीटर रुंद. माथा पाण्याखाली वीस मीटरच्या आसपास. ज्यांच्या आरमाराला इंग्रज आणि पोर्तुगीज वचकून असत, त्या सरखेलांच्या नावाने प्रवाळांचे एवढे मोठे आगर आपल्या समोर असावे, ही मराठी मनाला फुलवणारी गोष्ट खरीच. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या मोहिमेने त्याची पाहणी केली आणि त्यास संरक्षण मिळावे असा विचार पुढे आला. आमची सरकारला विनंती आहे, की येथे क्रम उलटा करू नये. आधी संरक्षणाची अधिसूचना, मग वाटल्यास पर्यटकांचे जहाज. मालवणला आपण चार दशकांत जी चूक सावरू शकलो नाही ती किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरवर कोण सावरणार? निवतीच्या खडकाजवळ नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका बुडवून कृत्रिम प्रवाळस्थळ करण्याचा बेत मात्र आम्हांस स्वागतार्ह वाटतो. हौशी पाणबुड्यांचे पाय लोखंडावर पडले तर फारसे बिघडत नाही. त्यायोगे खऱ्या प्रवाळांवरचा भार प्रत्यक्षात हलका होतो, की केवळ पर्यटकांची संख्याच वाढते, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणावर तरी नावानिशी सोपविली पाहिजे.

या गर्दीला केवळ किनाऱ्यावरचे अथवा मुंबई-पुण्याचे लोक जबाबदार आहेत असे समजू नये. मराठी मुलूख आत खोलवर पसरला आहे. तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे नार्नूर घ्या. महाराष्ट्राची हद्द तेथून फारशी दूर नाही. तेलुगूबरोबर मराठी, गोंडी आणि बंजारा बोली तेथे कानी पडतात. समुद्र मात्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर. गंमत अशी, की पैनगंगेच्या नावाने ओळखले जाणारे त्या भागातील चुनखडीचे थर एका अतिप्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. प्रवाळ पृथ्वीवर जन्मालाही आले नव्हते तेव्हाचा तो समुद्र. आज त्या चुनखडीवर सिमेंटचे कारखाने चालतात. अशा गावातील शिक्षकाने वा कापसाच्या शेतकऱ्याने चार पैसे गाठीला लावून, आदिलाबादहून नांदेडमार्गे मुंबई गाठून, मुलाबाळांसह एकदा समुद्र पाहावा, यापरते समाधान कोणते? त्याला नियम माहीत नसतील तर दोष त्याचा नव्हे. नियम पाळणे मात्र त्याला आपण शिकवावे लागेल असे नाही. नार्नूरशेजारच्या इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर येथे पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळाचे गोंड लोक त्यापूर्वी देवाच्या अभिषेकासाठी गोदावरीचे पाणी आणावयास अनवाणी चालत जातात; वाटेतले मुक्काम आणि आचार सारे परंपरेने बांधलेले असते. निसर्गाच्या दारी कसे जावे याचे दंडक त्या मुलखाला उपजत ठाऊक आहेत. आपल्या कोकणातही देवराईत कुऱ्हाड लावावयाची नाही, हे सांगण्यास वनरक्षक लागत नसे. समुद्राखालच्या राईसाठी तेवढा दंडक कोणी सांगितलाच नाही, इतकेच.

इतरांनी तो सांगितला आहे. थायलंडने आपला जगप्रसिद्ध माया बे हा किनारा पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ नष्ट होऊ लागताच जून २०१८ मध्ये बंद केला. उत्पन्न बुडाले, ओरड झाली. सरकार हलले नाही. जानेवारी २०२२ मध्ये तो उघडला, तेव्हा होड्यांना समोरून आत येण्यास बंदी होती आणि माणसांची संख्या ठरलेली होती. पलाऊ या चिमुकल्या बेटराष्ट्रात २०१७ पासून प्रत्येक पाहुण्याच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याची शपथ उमटवली जाते व तीवर सही घेतली जाते. प्रवाळांस अपायकारक अशी उन्हापासून वाचवणारी मलमे तेथे २०२० पासून वर्ज्य आहेत. ऑस्ट्रेलियात २,३०० किलोमीटर लांबीच्या महाप्रवाळभित्तीवर जाणारा पर्यटक त्या दिवसाचा ठराविक आकार देतो. मालदीवचे अनुकरण मात्र जपून करावे. तेथील राजधानीचा आणि हॉटेलांचा कचरा साठवून थिलाफुशी नावाचे एक सबंध बेट वाढविण्यात आले, ही गोष्ट जाहिरातीत नसते. परदेशाचेच कशाला, आपल्याच अंदमानात वंडूर येथील १९८३ सालच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेण्यास बंदी असून ती बऱ्यापैकी पाळली जाते. सावरकरांची कोठडी पाहण्यास जाणारे मराठी यात्रेकरू तेथे निमूट पिशव्या तपासू देतात. तीच माणसे मालवणच्या धक्क्यावर आली की बाटल्या पाण्यात फेकतात. कारण तेथे विचारणारा कोणी नसतो.

म्हणून महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही सरकारांकडे आमची मागणी पुढचा मोसम ऐन भरात येण्याआधीची आहे. प्रवाळांच्या जागी नांगर टाकण्यास सरसकट बंदी करावी आणि होड्या बांधण्यासाठी तळाशी पक्के रोवलेले तरते बोये सरकारी खर्चाने बसवावेत. हा खर्च एका लहानशा रस्त्याच्या डांबरीकरणाहून अधिक नाही. दिवसाची संख्या शास्त्रज्ञांस विचारून ठरवावी आणि परवाने देताना पहिला हक्क ज्यांची जाळी त्या पाण्यात पूर्वापार पडत आली त्या मच्छीमार कुटुंबांचा मानावा. १९८७ साली त्यांना विचारले नाही. या वेळी त्यांनाच राखणदार नेमावे. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येक पर्यटकास दहा मिनिटे, त्याला समजेल अशा मराठीत वा हिंदीत, काय करावयाचे नाही हे सांगणे सक्तीचे असावे. ज्याला तरंगता येत नाही त्याला थेट प्रवाळांवर न सोडता आधी मोकळ्या वाळूच्या तळावर सराव द्यावा. माशांना पाव-बिस्किटे टाकणाऱ्याचा परवाना त्या दिवसापुरता नव्हे, मोसमापुरता जावा.

वाचकांस सांगणे थोडके आहे. बेत करताना मे महिना टाळा. बुकिंग करण्यापूर्वी होडीवाल्यास दोन प्रश्न विचारा: नांगर कोठे टाकता, आणि एका वेळी पाण्यात किती माणसे उतरवता? ज्याला या प्रश्नांचा राग येईल, त्याला पैसे देऊ नका. ज्याला येणार नाही, त्याला शे-दोनशे रुपये अधिक मागितल्यास घासाघीस करू नका. लहान मुलास प्रवाळाला हात लावू देणाऱ्या वाटाड्यास बक्षिसी देण्याची आपली चाल तर तात्काळ बंद झाली पाहिजे.

या सर्वांसाठी पर्यटकांकडून दरडोई काही शुल्क घ्यावेच लागेल आणि ते देण्यास कोणी कुरकुरेल असे आम्हांस वाटत नाही. हजारो रुपये मोजून आलेला माणूस पन्नास रुपयांसाठी परत जात नाही. शुल्क जमा कोठे होणार, यावर मात्र सारे अवलंबून आहे. ते मुंबईच्या अथवा पणजीच्या तिजोरीत गेले तर पुन्हा मालवणास परत येईपर्यंत त्याचे काय होते, हे किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींना चांगले ठाऊक आहे. ते त्या त्या बंदराच्या स्वतंत्र खात्यात राहावे, त्यातून राखणदारांचा पगार आणि बोयांची डागडुजी व्हावी आणि त्याचा जमाखर्च दर मोसमाच्या अखेरीस, होड्या वर काढण्याआधी, धक्क्यावरच्या फळ्यावर लावला जावा.